दुबईचा फोन, पाथरीचा नंबर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी एक जुना मोबाइल आहे. आईच्या पोथ्या ज्या कपाटात असतात, त्याच कपाटात तो ठेवलेला असतो. दर तीन-चार दिवसांनी मी तो काढतो, चार्जिंगला लावतो, सिग्नल येतो का ते पाहतो आणि पुन्हा जागेवर ठेवून देतो. बटणांवर आकड्यांच्या खाली इंग्रजी अक्षरे आहेत आणि त्यांच्या शेजारी अरबी. पडद्यावरचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे आहे. पाहुणे म्हणतात, "सर, हे भंगारात द्या आता." मी हसून विषय बदलतो. आज मात्र विषय बदलणार नाही. परदेशात घेतलेला फोन आपल्याकडे चालतो म्हणजे नेमके काय चालते, हे मला या फोनने शिकवले. ते शिकायला सतरा-अठरा वर्षे लागली आणि आमच्या धाकट्याला त्याची बरीच किंमत मोजावी लागली.

आमचे गाव पाथरी. परभणी जिल्ह्यातला तालुका. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पुष्कळ लोक पाथरीला मानतात, म्हणून बाहेरच्यांना गावाचे नाव ठाऊक असते. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, जायकवाडीचा डावा कालवा, ऊस आणि कापूस. पण पाणी सगळ्यांच्या शेताला पोहोचत नाही आणि पोटाची सोयही सगळ्यांची गावात होत नाही. आमच्या भागातली कितीतरी मुले कामासाठी आखाती देशांत गेली. कोणी ड्रायव्हर, कोणी गवंडी, कोणी वेल्डर. माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन. तो २००२ साली दुबईला गेला.

पहिली दोन वर्षे आमचा आणि त्याचा संबंध गल्लीच्या टोकाच्या एसटीडी बूथवरून. शुक्रवार हा त्याच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी आई सकाळपासून बूथच्या बाकावर जाऊन बसायची. फोन आला तर आला, नाहीतर दुपारी उठून घरी. २००४मध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने पिशवीतून एक डबी काढली आणि आईच्या हातात ठेवली. "आता बूथवर बसायचं नाही," म्हणाला.

आजच्या मुलांना यात काय विशेष असे वाटेल. पण आपल्या देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीला बोलले. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. इनकमिंग फुकट झाले २००३मध्ये. म्हणजे धाकट्याने फोन आणला तो अगदी वेळेवर. आईला फक्त ऐकायचे होते आणि ऐकायला पैसे पडणार नव्हते.

मी माझ्या नावावर एक सिमकार्ड घेतले, फोनचे मागचे झाकण उघडले, बॅटरी काढली, कार्ड सरकवले. फोन सुरू झाला आणि पडद्यावर काड्या उभ्या राहिल्या. कुणालाही काही विचारावे लागले नाही. मला वाटले, फोन म्हणजे असाच. जगात कुठेही घ्या, कुठेही वापरा. हा माझा पहिला गैरसमज.

अडचणी आल्या त्या किरकोळ. चार्जरला तीन चपट्या पिना, इंग्लंडच्या पद्धतीच्या. आपल्या भिंतीतले सॉकेट गोल पिनांचे. धाकटा स्वतःच इलेक्ट्रिशियन, त्याने आधी चार्जरवरची बारीक अक्षरे वाचली. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले होते. "दादा, हे लिहिलेलं असलं की चिंता नाही. पिन बदलली की झालं," तो म्हणाला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. फोनचे चार्जर बहुधा दोन्हीकडे चालतात. पण तिकडून हौसेने आणलेला मिक्सर नुसती पिन बदलून इथे लावला, तर धूर निघतो.

दुसरी गंमत झाली ती मराठीची. पुण्याहून बहिणीने आईला मराठीत संदेश पाठवला आणि पडद्यावर आल्या नुसत्या चौकटी. दहा-बारा रिकाम्या चौकटी एका ओळीत. आई म्हणाली, "हिने शब्दकोडं पाठवलंय का?" कारण साधे होते. फोन अरब देशांच्या बाजारासाठी बनवलेला. त्याच्या पोटात अरबी अक्षरे होती, देवनागरी नव्हती. ज्या बाजारासाठी फोन बनतो, त्या बाजाराची भाषा घेऊन तो येतो. शिवाय एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे मावत १६०, देवनागरी फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी यांची मोजणी वेगळी. मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलायला दुप्पट जागा लागे आणि तरीही पलीकडे चौकटीच पोहोचत. मग बहीण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागली आणि मी ते आईला वाचून दाखवू लागलो.

आणि तिसरी गोष्ट घड्याळाची. फोनमध्ये दुबईची वेळ लावलेली होती. मी ती बदलायला बसलो तर आईने फोन काढून घेतला. "राहू दे. त्याच्याकडं किती वाजले ते मला कळतं." भिंतीवर आपले घड्याळ होतेच. रात्री भिंतीवर नऊ वाजले की फोनवर साडेसात. ती त्याची कामावरून खोलीवर येण्याची वेळ. त्या वेळी तो मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे पोहोचलो, ठीक आहे. दोन रिंग म्हणजे पैसे पाठवले. तीन रिंग म्हणजे थोड्या वेळात कार्ड टाकून फोन करतो, जागी राहा. तेव्हा लाखो घरांनी हीच भाषा वापरली असेल. एक पैसाही न मोजता समुद्रापलीकडून "मी बरा आहे" एवढे कळत होते.

आता दुसऱ्या फोनची गोष्ट. २००७मध्ये माझी भाची अमेरिकेहून आली. माझ्या निवृत्तीची भेट म्हणून तिने एक सुंदर फोन आणला. मी मोठ्या रुबाबात त्यात सिमकार्ड घातले. पडद्यावर काड्या नाहीत, उलट फोनच मला कोड मागू लागला. भाचीने तिकडे कंपनीला विचारले. उत्तर आले की हा फोन आमच्याच कार्डावर चालेल.

त्याला कुलूप होते. अमेरिकेत तेव्हा कंपन्या दोन वर्षांच्या कराराच्या बदल्यात फोन अर्ध्या-पाव किमतीत देत. फोन घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून आतून कुलूप घालून ठेवीत. दुबईला ही पद्धत फारशी नव्हती. तिथे माणूस पूर्ण पैसे देऊन फोन घेई, म्हणून धाकट्याचा फोन मोकळा होता. पुढे बऱ्याच देशांनी ग्राहकांची बाजू घेतली. अमेरिकेत २०१४मध्ये कायदा होऊन ग्राहकाला करार संपल्यावर कुलूप काढण्याचा मार्ग मोकळा झाला, कॅनडाने २०१७च्या डिसेंबरपासून कुलूपबंद फोन विकायलाच मनाई केली आणि ब्रिटनने २०२१च्या डिसेंबरपासून. पण २००७मध्ये पाथरीच्या माणसाला यातले काय ठाऊक?

कोणीतरी सांगितले की हैदराबादला आबिड्सच्या मोबाइल बाजारात कुलूप काढून देतात. आमच्या मराठवाड्याचे हैदराबादशी नाते जुने, निजामाच्या काळापासूनचे. मानवत रोडला गाडीत बसलो की सरळ हैदराबाद. गेलो. दुकानातल्या मुलाने तासाभरात कुलूप काढले, पैसे घेतले. सिमकार्ड घातले. आता फोन कोड मागत नव्हता, पण काड्याही येत नव्हत्या. मुलाने फोनचे मागचे झाकण उघडून बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, "चाचा, ये तो वहाँ का बैंड है."

हे बँड प्रकरण रेडिओ ऐकणाऱ्यांना समजावून सांगायला सोपे आहे. आकाशवाणीचे केंद्र ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलते, तिथपर्यंत तुमच्या रेडिओचा काटा पोहोचला पाहिजे. जपानमध्ये एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर ऐकत, आपल्याकडे ८८ ते १०८वर. जपानहून आणलेला जुना एफएम रेडिओ इथे बहुतेक खरखरच ऐकवतो. रेडिओ बिघडलेला नसतो, त्याचा काटा तिथवर जात नाही. मोबाइलचेही तसेच. आपल्याकडे आणि आखातात जीएसएमचे फोन ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालत आले, अमेरिकेत ८५० आणि १९००वर. माझा फोन फक्त अमेरिकेचे दोन बँड ओळखत होता. चारही बँड ओळखणारे फोन तेव्हाही मिळत, पण ते पाहून घ्यावे लागे. तिकडच्या काही फोनांत तर सिमकार्डाची जागाच नसे. सीडीएमए नावाची ती वेगळी पद्धत. एकूण काय, मी कुलूप उघडायला हैदराबादपर्यंत गेलो आणि उघडल्यावर कळले की आत खोलीच नाही. तो फोन पुढे नातवंडांचे खेळणे झाला.

या फजितीनंतर गावात माझे नाव झाले. कोणी बाहेरून फोन आणला की "सरांना दाखवा" असे सुरू झाले. त्यामुळे मला पुढचे सगळे बदल घरबसल्या पाहायला मिळाले.

२००९च्या नोव्हेंबरअखेर एक मोठाच घोळ झाला. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. ज्या फोनांना खरा क्रमांक नाही, त्यांची सेवा ३० नोव्हेंबर २००९च्या मध्यरात्रीनंतर बंद करण्याचा सरकारचा आदेश निघाला. कारण सुरक्षेचे होते. असा फोन कोणाच्या हातात आहे याचा माग लागत नाही. स्वस्तातले, मोठ्या आवाजाचे, चार-चार स्पीकरांचे कितीतरी चिनी फोन तेव्हा बाजारात आले होते, आणि आखातातून येणाऱ्या पोरांच्या पिशव्यांतही. डिसेंबर उजाडला आणि घरोघरचे फोन मुके झाले. आईचा साधा फोन मात्र चालू राहिला, कारण त्याचा क्रमांक खरा होता. आजही बाहेरून कोणी वापरलेला फोन आणला तर मी आधी *#०६# दाबतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक लिहून १४४२२ला संदेश पाठवला, की क्रमांक खरा आहे की काळ्या यादीतला ते कळते. हा क्रमांक बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. २०२३च्या दूरसंचार कायद्यात तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

एकदा सौदीहून आलेल्या एका पोराने मला विचारले, "सर, तिकडं वाळवंटात थुरायाचा फोन चालतो, टॉवर लागत नाही. गोदाकाठच्या शेतात कामाला येईल, आणू का?" मी त्याला हात जोडले. थुराया ही अमिरातीतली कंपनी, तिचा फोन सरळ उपग्रहाशी बोलतो. तिकडे तो दुकानात मिळतो. आपल्याकडे मात्र परवानगीशिवाय असा फोन जवळ बाळगणे गुन्हा आहे. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला करणारे ज्या बोटीतून आले, तिच्यावर थुरायाचा फोन सापडला होता, हेही लक्षात घ्यावे. विमानतळावर असा फोन सापडून पर्यटक अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. एका देशात दुकानात मिळणारी वस्तू दुसऱ्या देशात पोलिसांच्या पंचनाम्यात जाते. घेण्याआधी विचारलेले बरे.

मग २०१६ आले. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले आणि फुकट इंटरनेटसाठी आमच्या बसस्थानकासमोरही सिमकार्डांच्या रांगा लागल्या. पण जिओचे नेटवर्क तेव्हा फक्त फोर-जी होते. त्यात जुने टू-जी, थ्री-जी नाहीच. बोलणेसुद्धा इंटरनेटच्या वाटेने जाते, त्याला व्होल्ट म्हणतात. परदेशातून आणलेल्या कितीतरी महागड्या फोनांना ही वाट ठाऊक नव्हती, काहींना आपल्याकडचा २३०० मेगाहर्ट्झचा फोर-जी बँडच ठाऊक नव्हता. साठ हजारांचा फोन हातात, इंटरनेट चालते, पण "हॅलो" म्हणता येत नाही, असे दृश्य मी पाहिले आहे. आणि परवा भाचीचा मुलगा आला, त्याच्या फोनला तर कार्ड घालायची फटच नाही. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२पासून तसेच आहेत. त्यात कार्ड कागदावरच्या चौकोनी खुणेतून उतरवून घ्यायचे, ई-सिम. आमच्या दुकानदाराने फोन चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, "सर, याला भोकच नाही!" शेवटी परभणीला जाऊन काम झाले.

इथवरच्या गोष्टी यंत्राच्या. पिन, बँड, कुलूप, व्होल्ट. थोडी चौकशी केली की यंत्राच्या अडचणी सुटतात, निदान समजतात तरी. माझ्या धाकट्याला जे भोगावे लागले त्यात यंत्राचा काही दोष नव्हता. त्याचा फोन उत्तम होता.

२०२० साली करोनात त्याचे काम सुटले. वंदे भारत मोहिमेच्या विमानाने जूनमध्ये तो मुंबईला उतरला आणि अठरा वर्षांनी कायमचा घरी आला. आई २०१६मध्येच गेली होती. त्याच्या कामाचा शेवटचा हिशेब, म्हणजे थकलेला पगार आणि सेवा संपल्यावर मिळायचे पैसे, तिथल्या बँकेतल्या खात्यावर ऑगस्टमध्ये जमा व्हायचा होता. तो बिनघोर होता. फोनमध्ये बँकेचे ॲप होते, तेवढे पुरे.

इथे आल्यावर त्याने काय केले? सगळे करतात तेच. दुबईचे सिम काढून डबीत टाकले आणि पाथरीत नवे सिम घेतले. फोन झटकन चालू झाला. ऑगस्टमध्ये ॲप उघडले, तर पैसे पाठवायला ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार दुबईच्या नंबरवर. त्याने डबीतले सिम शोधून फोनमध्ये घातले. ते मुके. ठरलेल्या मुदतीत रिचार्ज झाले नव्हते, नंबर बंद पडला होता.

शारजात राहणाऱ्या मानवतच्या एका मित्राला विनंती केली. तो दुकानात जाऊन आला. पण अमिरातीत सिमकार्ड माणसाच्या तिथल्या ओळखपत्राला जोडलेले असते. व्हिसा रद्द, म्हणून ओळखपत्र रद्द. ओळखपत्र रद्द, म्हणून नंबर परत मिळणार नाही. बँक म्हणाली, नंबर बदलायचा असेल तर स्वतः शाखेत या. त्या दिवसांत विमाने नव्हती, हातात पैसा नव्हता. जो पैसा होता तो फोनच्या पडद्यावर दिसत होता, काढता येत नव्हता. रात्री जेवणानंतर तो ॲप उघडून तो आकडा पाहत बसायचा. मी एकदा म्हणालो, "कशाला बघतोस?" तो म्हणाला, "दादा, आहे एवढं तरी बघतो."

इकडेही तेच. पॅन कार्ड त्याच्याकडे नव्हते. २०२०च्या मे महिन्यातच आधारच्या ओटीपीवर लगेच पॅन देण्याची सोय अधिकृतपणे सुरू झाली होती. पण आधारला जोडलेला नंबर कोणता? त्याचे इथले जुने सिम तर केव्हाच बंद झाले होते. आपल्याकडे नव्वद दिवस वापर नसेल आणि खात्यात निदान वीस रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला देऊ शकते. आधार केंद्रे टाळेबंदीत कधी उघडी, कधी बंद. माणूस पाथरीत जन्मलेला, पाथरीत बसलेला, आणि मी मीच आहे हे सांगायला त्याच्याकडे ना तिथला नंबर ना इथला.

मग एका संध्याकाळी त्याला आठवले. आधार काढले तेव्हा तो सुट्टीवर आला होता. कॅम्पमधल्या माणसाने मोबाइल नंबर विचारला, तेव्हा आपला नंबर चालू राहील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्याने घरचा दिला होता. म्हणजे आईचा.

आईचा फोन कपाटात होता. ती गेल्यावरही मी त्यात अधूनमधून पैसे भरत राहिलो होतो. का, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. बॅटरी मेली होती, पण त्या जातीची बॅटरी आजही कुठल्याही दुकानात मिळते. लहान रेडिओंतही तीच असते. ती आणून घातली. फोन सुरू झाला आणि काड्या उभ्या राहिल्या. सिंगापूरने २०१७मध्ये टू-जी बंद केले, जपानने तर त्याच्याही आधी. तिथे हा फोन नुसता ठोकळा ठरला असता. आपल्याकडे टू-जी चालू होते, आजही आहे. धाकट्याने त्याच्या महागड्या फोनवर आधार क्रमांक भरला आणि आम्ही दोघे त्या जुन्या फोनकडे पाहत बसलो. मिनिटभराने तो वाजला. इंग्रजीतला संदेश, म्हणून चौकटी आल्या नाहीत. सहा आकडे आले. बॅटरी बदलल्यामुळे घड्याळ शून्यावर गेले होते. धाकट्याने आधी आकडे टिपून घेतले, मग फोन हातात घेतला आणि घड्याळ लावले. दीड तास मागे.

इथले काम असे झाले. तिथले पैसे मिळायला मात्र २०२१चा शेवट उजाडला. उसनवारी करून तो पर्यटक व्हिसावर दुबईला गेला, बँकेच्या शाखेत पासपोर्ट दाखवला, सही जुळवली आणि स्वतःचेच पैसे घेऊन आला. तिकीट, व्हिसा, मुक्काम यांत त्यातला मोठा भाग गेला. काही दिरहमांचे रिचार्ज केले असते तर हे सगळे टळले असते. त्या वेळी ते आम्हाला कोणी सांगितले नाही, म्हणून मी आज तुम्हाला सांगतो आहे.

परदेशात घेतलेला फोन खुशाल आणा. आणण्याआधी त्याचे बँड पाहा, कुलूप नाही ना ते विचारा, व्होल्ट आपल्या कंपनीवर चालते का ते पाहा, चार्जरवर १०० ते २४० लिहिले आहे ना ते वाचा. पण त्याहून जास्त जपायची गोष्ट म्हणजे नंबर. यंत्र कुठेही जाते, नंबर मात्र ज्या देशाचा त्या देशाचा राहतो, आणि तुमचे पैसे, तुमची ओळख त्या नंबराला बांधलेली असते. तिकडून कायमचे येणार असाल तर विमानात बसण्याआधी बँकेतला नंबर बदला किंवा पैसे हलवा. ते जमत नसेल तर तिथले सिम रोमिंग चालू करून, रिचार्ज करून जिवंत ठेवा. इकडून तिकडे जाणार असाल तर इथला नंबर बंद पडू देऊ नका. घरातल्या कुणालातरी त्यात पैसे भरायची आठवण करून ठेवा. आजकाल दोन कार्डांचे फोन असतात, त्यातली एक जागा आपल्या देशासाठी ठेवायला काय हरकत आहे? २०२३पासून अमिराती, सौदी, ओमान, कतार अशा काही देशांतल्या नंबरांवर अनिवासी भारतीयांच्या खात्यांचे यूपीआय चालवण्याची वाट मोकळी झाली. सोयी वाढत आहेत. पण सोय माहीत नसेल तर ती असून नसल्यासारखी.

धाकट्याचा मुलगा आता मस्कतला निघाला आहे. बापाने त्याची बॅग भरताना कपड्यांआधी फोन मागून घेतला. कुठल्या बँकेला कुठला नंबर, आधारला कुठला, ते सगळे वहीच्या एका पानावर लिहून काढले. ते पान आता कपाटात आहे, आईच्या फोनच्या खाली. मस्कतची वेळही आपल्यापेक्षा दीड तास मागेच, दुबईसारखी. त्यामुळे फोनचे घड्याळ बदलायची आताही गरज नाही.